रस्त्यावरचं झाड कुणाचं? मुंबईतल्या रस्त्याकडेच्या झाडांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल संपत आला की आमच्या वॉर्डात दोन आवाज सुरू होतात, नालेसफाईच्या पोकलेनचा आणि फांद्या कापायच्या करवतीचा. मग मला फोन येऊ लागतात. मी महापालिकेत नोकरीला नाही. बरीच वर्षं गल्लीतल्या झाडांमागे अर्ज घेऊन फिरलेला एक रहिवासी आहे, एवढंच. तेच तेच प्रश्न दरवर्षी येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

रस्त्याकडेचं झाड नेमकं कुणाच्या ताब्यात असतं?

महापालिकेच्या. देखभाल उद्यान खातं करतं, आणि कापायचं की नाही हे ठरतं ते 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५' या कायद्यानं. या कायद्याखाली प्रत्येक महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असतं, आयुक्त त्याचे अध्यक्ष असतात, आणि रोजचं काम वृक्ष अधिकारी पाहतो. आपल्या कामाचा माणूस मात्र वॉर्ड ऑफिसातच भेटतो. तिथे 'गार्डन डिपार्टमेंट कुठे?' विचारलं की शिपाईसुद्धा बोट दाखवतो.

एक गैरसमज मात्र आधीच काढून टाकू. सोसायटीच्या कुंपणाच्या आतलं झाड सोसायटीचं असलं तरी तेही याच कायद्याखाली येतं. त्याची छाटणी करून घेणं आणि खर्च सोसणं सोसायटीकडे, परवानगी महापालिकेची. 'आमच्या आजोबांनी लावलंय' हे कारण चालत नाही.

मुंबईत अशी झाडं आहेत तरी किती?

२०१८ मध्ये पूर्ण झालेल्या वृक्षगणनेत शहरात २९ लाख ७५ हजारांच्या आसपास झाडं मोजली गेली. त्यातली रस्त्याकडेची जेमतेम पावणेदोन-दोन लाख. बाकीची खासगी आवारांत, सरकारी जागांत, बागांत. म्हणजे आपण रोज ज्यांच्या सावलीतून स्टेशन गाठतो ती झाडं एकूण झाडांच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आहेत. गणना दर पाच वर्षांनी करायची, असं कायदा सांगतो.

समोरच्या झाडाची फांदी थेट खिडकीत आलीय. आपणच माणूस बोलावून छाटली तर?

नको. कायद्यात 'झाड तोडणं' याचा अर्थ फक्त बुंध्यावर कुऱ्हाड घालणं असा नाही. जाळणं, कापणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं हे सगळं त्यात येतं. शिक्षेत दंड आहे आणि कैदही. वॉर्डात अर्ज द्या, फांदीचा फोटो जोडा, आणि शक्य असेल तर झाडाच्या जवळच्या दिव्याच्या खांबाचा नंबर लिहा. पत्त्यापेक्षा खांबाचा नंबर लवकर सापडतो, हे मला तिसऱ्या अर्जानंतर कळलं. रस्त्याकडेच्या झाडाच्या छाटणीचे पैसे तुमच्याकडून घेतले जात नाहीत. कुणी 'चहापाण्याचे' मागितले तर पावती मागा, विषय तिथेच मिटतो.

छाटणी नीट झाली की झाडाची वाट लावली, हे कसं ओळखायचं?

तीन गोष्टी बघा.

फांदी खोडाला जिथे जुळते तिथे एक फुगीर कडं असतं. काप त्या कड्याच्या अगदी बाहेर पडला पाहिजे. कडं राखलं तर झाड स्वतःच जखम भरून काढतं. खोडाला लागून सपाट कापलं तर कडंच जातं, आणि हातभर खुंट सोडला तर तो कुजतो आणि कूज खोडात उतरते. जाड फांदी असेल तर आधी खालून थोडा काप, मग वरून, आणि शेवटी उरलेला खुंट, असं तीनदा कापायचं असतं. नाहीतर फांदी आपल्याच वजनानं खाली येताना खोडाची साल फाडत येते. आपल्याकडे घाईत हेच जास्त होतं.

दुसरं, शेंडा छाटलाय का? वरून बोडकं केलेलं झाड महिन्याभरात हिरव्या फोकांनी भरून जातं. लोकांना वाटतं, वा, काय जोमानं फुटलंय. ते फोक वरवरच्या सालीतून आलेले असतात, आत मजबूत जोड नसतो. दोन-तीन वर्षांत तेच जाड होऊन वाऱ्यात निखळतात. आज बोडकं केलेलं झाड तीन वर्षांनी जास्त धोकादायक होतं, आणि तेव्हा पुन्हा छाटणीचं कंत्राट निघतं.

तिसरं, तोल. दुकानाच्या पाटीसाठी नाहीतर इमारतीच्या बाजूनं सगळ्या फांद्या कापल्या की सगळं ओझं रस्त्याकडे जातं. मग तेच झाड जुलैत रस्त्यावर आडवं होतं आणि आपण वाऱ्याला दोष देतो.

हिरवंगार, निरोगी झाड अचानक उन्मळून कसं पडतं?

या प्रश्नासाठीच हे सगळं लिहायला बसलो, म्हणून जरा सविस्तर.

आपण झाड वर बघतो, पण ते उभं राहतं खाली. आणि 'खाली' म्हणजे पाताळात नाही. झाडाला पाणी आणि अन्न पुरवणारी बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि आडवी पसरतात, अनेकदा फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे. आता आपल्या फुटपाथवर या दोन फुटांत काय काय असतं ते आठवा: पावसाळी गटार, पाण्याची लाइन, विजेची केबल, टेलिफोनची केबल, इंटरनेटची केबल, गॅसची लाइन, आणि वर सिमेंटचा थर देऊन बसवलेले पेव्हर ब्लॉक.

दर हिवाळ्यात चर खणले जातात. चर झाडापासून हातभर अंतरावरून गेला की त्या बाजूची आधाराची मुळं साफ तुटतात. पानांवर लगेच काही दिसत नाही. उरलेल्या मुळांवर झाड दोन-तीन वर्षं हिरवं राहतं. मग एका जूनमध्ये माती भिजून सैल होते, ओल्या पानांचं वजन वाढतं, पहिला जोराचा वारा येतो आणि झाड ज्या बाजूची मुळं तुटली तिच्या उलट बाजूला जातं. पडलेल्या झाडाचा बुंधा पाहिलात तर एका बाजूला मुळं ताडकन तुटलेली, तंतू लोंबणारी दिसतील. दुसऱ्या बाजूला जुने, काळे पडलेले, सरळ काप दिसतील. तो काप वाऱ्यानं केलेला नसतो.

मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात मुंबईत दोन हजारांहून जास्त झाडं पडली. वादळ मोठं होतं, हे खरंच. पण त्यानंतर आमच्या भागातल्या पडलेल्या झाडांचे बुंधे मी फिरून पाहिले, आणि एका रांगेतली पाचही झाडं त्या बाजूच्या उलट दिशेला पडलेली होती, जिथे आदल्या वर्षी केबलवाल्यांनी चर घेतला होता. हा काही अभ्यास नव्हे, एका गल्लीचं निरीक्षण आहे. तुम्हीही तुमच्या गल्लीत करून बघा.

जानेवारी २०२३ मध्ये सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाचं भूमिपूजन झालं. खड्डे कोणालाच नकोत, तक्रार रस्त्याबद्दल नाही. तक्रार आहे ती पोकलेनचा फावडा मुळांत घालण्याबद्दल. झाडाजवळ खोदाई हातानं करायची, जाड मूळ लागलं तर केबल त्याच्याखालून सरकवायची, आणि कापावंच लागलं तर करवतीनं स्वच्छ कापायचं. एवढं केलं तरी पुष्कळ झाडं वाचतील.

आमच्या फुटपाथवर झाडाच्या बुंध्याला चिकटून सिमेंट ओतलंय. काय करता येतं?

तक्रार करा, आणि 'आळं मोकळं करून द्यावं' असे शब्द वापरा. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत आदेश दिला होता की बुंध्याभोवती एक मीटरपर्यंत काँक्रीट नको. तेव्हापासून देशभर हा एक मीटर मापदंडासारखा सांगितला जातो. मुंबई महापालिकेनंही २०२२ मध्ये झाडांभोवतीचं काँक्रीट आणि झाडांवरचे खिळे काढायची मोहीम घेतली होती.

मोठ्या पर्जन्यवृक्षाला एक मीटर म्हणजे हत्तीला बशीतून पाणी, पण नसण्यापेक्षा बरं. आळं मोकळं झालं की तिथे कठडा बांधून वर माती रचू नका. ही चूक प्रेमापोटी होते. बुंध्यावर फूटभर माती चढली की साल ओली राहते आणि कुजते. शिवाय कठड्याचा पाया खणताना मुळं तुटतात ती वेगळीच. आळं जमिनीच्या पातळीला ठेवा, वर वाळलेली पानं पसरा, बास.

झाड धोकादायक झालंय हे साध्या माणसाला कळतं का?

बरंचसं कळतं. बुंध्याजवळची जमीन एका बाजूला उचललेली किंवा भेगाळलेली दिसते. पूर्वी सरळ असलेलं झाड कलू लागतं (जन्मापासून कललेलं झाड वेगळं, ते त्याच्या कलानं घट्ट असतं). खोडावर किंवा बुंध्याशी कानासारखी अळंबी उगवते. ढोली, वाळवीची मातीची रेघ, हातोडीनं हलकं वाजवल्यावर येणारा पोकळ आवाज, भर हंगामात शेंड्याकडून वाळत येणाऱ्या फांद्या. यातलं एखादं लक्षण म्हणजे झाड कापा असं नाही. दोन-तीन एकत्र दिसली तर मात्र लेखी कळवा आणि पोच घ्या. पोच महत्त्वाची. पुढे काही झालं तर 'कुणी कळवलंच नव्हतं' हे वाक्य त्या कागदापुढे टिकत नाही.

नारळाचं वेगळं सांगतो, कारण तो हिरवा आणि सरळ असतानाही दगा देतो. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला नारळाचं झाड अंगावर कोसळून सकाळी बाहेर पडलेल्या एका महिलेचा जीव गेला. नारळाच्या झावळ्या आणि फळं पावसाआधी उतरवून घ्या, आणि चढणाऱ्या माणसाला खोड कसं वाटलं ते आवर्जून विचारा. पाय ठेवल्यावर त्याला जे कळतं ते खाली उभं राहून दिसत नाही.

झाडावर नोटीस चिकटवलीय. म्हणजे कापायचं ठरलंच का?

नाही. नोटीस म्हणजे हरकत घ्यायचं आमंत्रण. कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याला वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि झाडावर ठळक जागी नोटीस लावावी लागते. हरकतीसाठी मुदत मोजकी असते, म्हणून नोटिशीचा त्याच दिवशी फोटो काढा. तारीख, झाडाचा क्रमांक आणि कारण तीनही वाचता येतील असा.

हरकत लिहिताना 'झाडं आपले मित्र आहेत' वगैरे लिहू नका. ती ओळ फायलीत कुणी वाचत नाही. झाडाची जात, बुंध्याचा छातीच्या उंचीवरचा घेर, त्यावर घरटी आहेत का, आणि तेच काम झाड ठेवून कसं होईल, हे लिहा. फुटपाथ दीड फूट वळवला तर तीन झाडं वाचतात, असा हातानं काढलेला नकाशा एकदा आम्ही दिला होता. दोन वाचली. तिसऱ्याबद्दल विचारू नका.

लगेच जीव धोक्यात येईल अशा झाडाला ही पद्धत लागू होत नाही, ते तातडीनं काढता येतं. म्हणूनच 'धोकादायक' हा शब्द कुठे आणि कसा वापरला जातोय याकडे लक्ष ठेवायला हवं.

जुन्या झाडांना वेगळं संरक्षण आहे म्हणतात, ते काय?

२०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला 'प्राचीन वृक्ष' हा दर्जा आला. कापलं जाणारं झाड जितक्या वर्षांचं, तितकी नवी झाडं लावायची, असंही त्यात आहे. लावायची रोपं सहा-आठ फूट उंचीची हवीत आणि सात वर्षं सांभाळायची. नियम छान आहे. पण साठ वर्षांच्या वडाच्या बदल्यात साठ रोपं लागतात ती कुठे? बहुधा तिथे, जिथे जागा रिकामी आहे. म्हणजे सावली दादरची जाते आणि रोपं दूर कुठल्या तरी मोकळ्या भूखंडावर लागतात. हरकतीत 'भरपाईची झाडं याच वॉर्डात, कुठल्या रस्त्यावर लावणार ते सांगा' असं जरूर मागा.

पुनर्रोपण केलेली झाडं जगतात का?

काही. वड-पिंपळासारखी झाडं फांदीतूनही फुटतात, ती बरी टिकतात. खरा प्रश्न मुळांच्या गोळ्याचा. रुंद गोळा महिना-दोन महिने आधीपासून तयार करून उचलला तर आशा असते. एका रात्रीत क्रेन लावून उपटलेलं झाड पुनर्रोपित होत नाही, त्याची जागा बदललेली असते फक्त.

खिळे ठोकून पाट्या लावणाऱ्यांचं काय करायचं?

फोटो काढा, पाटीवरचा फोन नंबर दिसेल असा. क्लासवाले, पॅकर्स-मूव्हर्स, वाढदिवसाचे शुभेच्छुक, सगळे आपला नंबर स्वतःच छापून देतात, पुरावा शोधावा लागत नाही. पुण्यात 'अंघोळीची गोळी' या संस्थेनं खिळेमुक्त झाडांची मोहीम सुरू केली आणि ती राज्यात बऱ्याच ठिकाणी पोचली. खिळा उपटताना पक्कड सरळ धरा. साल पूर्ण चढून आत गेलेला खिळा कोरून काढू नका, त्यानं जखम वाढते.

दिव्यांच्या माळाही खिळ्यांइतक्याच वाईट. घट्ट गुंडाळलेली वायर वाढत्या खोडाला काचते, आणि रात्रभर उजेडात पाखरं झोपणार कुठे? २०२४ मध्ये हा विषय मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि महापालिकेनं झाडांवरची रोषणाई उतरवायला सुरुवात केली. त्याआधी ती रोषणाई 'सुशोभीकरण' म्हणून सरकारी पैशानंच लागली होती, हेही लक्षात असू द्या.

आणि एक गंभीर गोष्ट: होर्डिंगसमोरचं झाड कारणाशिवाय वाळू लागलं तर बुंध्याला गोल भोकं आहेत का ते बघा. ड्रिलनं भोक पाडून रसायन ओतायचे प्रकार या शहरात झाले आहेत. दिसलं तर वॉर्डात आणि पोलिसांत, दोन्हीकडे कळवा.

खोडाला गेरू आणि चुना लावतात त्याचा उपयोग होतो?

रात्री गाडीवाल्याला झाड दिसतं, हा मुख्य उपयोग. ऑइलपेंट मात्र लावू देऊ नका, त्यानं सालीचा श्वास कोंडतो.

सोसायटीसमोर आपणच झाड लावायचं म्हटलं तर कुठलं लावावं?

वॉर्डाला कळवून लावा, म्हणजे पुढे पाण्याचा टँकर आणि नोंद दोन्ही मिळतं.

जातीबद्दल माझं मत तिखट आहे. गुलमोहर आणि सोनमोहर मे महिन्यात शहराला जे देतात ते कुणी नाकारणार नाही, पण लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ; अरुंद फुटपाथवर नवा गुलमोहर लावू नये. पर्जन्यवृक्ष अमेरिकेतून आलेला, छत्रीसारखा, संध्याकाळी पानं मिटणारा, मलाही फार आवडतो. पण त्याला मैदान हवं. शिवाय पिठ्या ढेकणानं मुंबईत हे वृक्ष कसे ओळीनं वाळले ते आपण पाहिलंय. एकाच जातीची रांग लावली की एकच कीड सगळी रांग घेऊन जाते.

वर तारा असतील तिथे कांचन, ताम्हण, बहावा. रुंद फुटपाथला बकुळ, करंज, कडुनिंब. समुद्राजवळ भेंड आणि उंडी, खारं वारं यांना सोसतं. ताम्हण तर आपलं राज्यफूल, तरी निम्म्या लोकांना ओळखता येत नाही. कोनोकार्पस (बाहेरून आणलेलं शोभेचं झाड) कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

खड्डा शक्यतो मीटरभर लांब-रुंद-खोल घ्या. रोपाची प्लास्टिकची पिशवी काढा. हे लिहावं लागतं, कारण मेलेलं रोप उपटल्यावर खाली पिशवी जशीच्या तशी निघालेली मी अनेकदा पाहिली आहे. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं. आणि लोखंडी ट्री-गार्ड खोडाला टेकायच्या आत काढा. जुन्या फुटपाथवर जाळी गिळून बसलेली झाडं दिसतात, ती कुणाच्या तरी विसराळूपणाची निशाणी असते.

सप्तपर्णीच्या वासानं डोकं दुखतं. काढून टाकता येईल का?

दिवाळीच्या सुमाराचा हमखास प्रश्न. वासासाठी झाड कापायची परवानगी मिळत नाही, मिळूही नये. झाड इथलंच आहे, चूक एकाच रस्त्यावर चाळीस लावणाऱ्यांची. तीन आठवडे खिडकी लावा.

घरटी असताना छाटणी चालते का?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणं हे 'शिकारी'च्या व्याख्येत आहे. गंमत अशी की छाटणी पावसाआधी उरकायची घाई आणि कावळे-बगळ्यांची घरट्यांची वेळ नेमकी एकच. खरं तर बरीच छाटणी हिवाळ्यात उरकता येते. कामगार आले की आधी त्यांना घरटं दाखवा. ती मंडळी ऐकतात, असा माझा अनुभव आहे. त्यांच्या मुकादमाला घाई असते.

गळलेल्या पानांचं काय करावं?

जाळू नका. घनकचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे उघड्यावर कचरा जाळायला मनाई आहे. थोडी आळ्यात पसरा, उरलेल्याचं खत करा. झाडूवाल्या मावशींना कोपरा नेमून दिला तर त्या पानं वेगळी ठेवतात. आमच्याकडे गेली चार वर्षं ठेवतात.

झाड पडलं तर सगळ्यात आधी काय करायचं?

लांब उभं राहा. फांद्यांत विजेची वायर अडकलेली असू शकते आणि पाणी साचलं असेल तर धोका दुप्पट. महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६, आत कुणी अडकलं असेल तर अग्निशमन दल १०१. गाडीवर पडलं असेल तर हलवायच्या आधी फोटो काढा. सर्वसमावेशक विमा असेल तर त्यातून भरपाई मिळते, फक्त थर्ड पार्टी असेल तर नाही. गाडी लावताना खाली चर बुजवल्याची ताजी पट्टी दिसली तर दुसरी जागा शोधा. मी शोधतो.

झाड नेलं, पण खुंट तसाच आहे. तिथे परत झाड लागेल का?

लागेल, पण मागावं लागतं. खुंट आणि जुनी मुळं काढल्याशिवाय नवा खड्डा होत नाही, आणि खुंट काढणं कुणाच्याच घाईचं काम नसतं. दोन पावसाळे गेले की त्यावर पेव्हर ब्लॉक बसतात, फुटपाथ सपाट होतो आणि तिथे झाड होतं हे फायलीतही उरत नाही. म्हणून झाड पडल्याच्या आठवड्यातच 'खुंट काढून त्याच जागी रोप लावावं' असा अर्ज द्या, खांबाच्या नंबरासकट. आमच्या गल्लीतल्या एका खड्ड्यासाठी असे सात अर्ज झाले. आता तिथे बकुळ आहे, माझ्या खांद्याएवढी.